चौदा दात्यांचा दांडा

३ मार्च

पाणी भरून झालं होतं, दूध तापलं होतं, यांचा डबा बांधत होते मी. तेवढ्यात बाहेरून यांची हाक — "चल, आज तूच चालव!" ओले हात पदराला पुसत गेले. मैदानापर्यंत नेला ट्रक. दुसरा गिअर टाकला आणि खाडकन आवाज! मी थिजले. "काही नाही गं, गाडीला गुदगुल्या झाल्या!" हे हसत सुटले. पुढे चार दिवस ट्रक सर्व्हिसिंगला.

आज मिस्त्रींच्या शेडमध्ये तोच ट्रक उघडा पडलेला पाहिला, म्हणून ती जुनी सकाळ आठवली. हे जाऊन दोन वर्षं झाली. इंजिन जाम झालं, त्याच मॉडेलचं दुसरं बसवायला दिलंय.

५ मार्च

क्लच प्लेट बसत नाही! यांनी जपलेल्या ट्रकच्या माहितीपुस्तकात बघून मीच आणली होती. गिअरबॉक्सच्या दांड्यावर ती सरकतच नाही. पुस्तकात दांड्याला दहा दाते. मी खडूने खूण करून मोजले — चौदा. पुन्हा मोजले. चौदाच.

"जुन्या गाड्यांचं असंच असतं, वहिनी. मी आणतो चौदाची." मिस्त्रींची नजर हातातल्या पान्यावर. जुनी प्लेट मागितली, तर म्हणे भंगारात गेली.

हे छातीठोक सांगायचे — "आपला गिअरबॉक्स कंपनीतून आला तोच!" मग हा कुठून उगवला? इंजिन काढताना तोही सुटा झाला होता. तेव्हाच मिस्त्रींनी बदलला असणार.

६ मार्च

भाऊजी म्हणाले, "वहिनी, तुम्ही दाते मोजाल असं वाटलं नसेल त्याला! ट्रकवाल्यांच्या संघटनेत तक्रार द्या. शेडला कुलूप लागेल."

मिस्त्री, यांचा वीस वर्षांपासूनचा दोस्त. दवाखान्यात यांच्या उशाशी बसलेला. माणूस जातो, मग दोस्तीही जाते का?

तक्रार लिहिली. तीनदा खोडून.

७ मार्च

मिस्त्रींनी चहा विचारला. मी म्हटलं, "आधी सांगा, गिअरबॉक्सला पाय फुटतात का हो?" ते म्हणाले, "नाही." एवढंच.

८ मार्च

तक्रारीत गिअरबॉक्सचा नंबर हवा, म्हणून चिंधी घेऊन गेले. घासघास घासलं. नंबराच्या आधी तीन टिंबं दिसली — त्रिकोणात, टोकदार लोखंडी पंचाने ठोकलेली.

हे स्वतः बसवलेल्या प्रत्येक वस्तूवर अशीच ठोकायचे. माझ्या शिलाई मशीनवर आहेत. न्हाणीघराच्या कडीवरसुद्धा!

"हा यांनी बसवला?"

मिस्त्रींनी पाना खाली ठेवला. "तुम्ही मैदानात नेली ना, तेव्हा आतले दाते तुटले. मिळाला तो दुसऱ्याच मॉडेलचा. मला म्हणाला, 'तिला कळू देऊ नकोस. नाहीतर परत स्टिअरिंगला हात लावायची नाही.'"

"आणि मी तुम्हाला चोर ठरवत होते, तरी गप्प बसलात?"

"शब्द दिला होता, वहिनी."

तरी मी परत कधी चालवला नाहीच. हे दरवेळी विचारायचे — येतेस? मी म्हणायचे, कामं पडलीत.

९ मार्च

तक्रार फाडली. मिस्त्रींकडे दोन कप चहा प्यायले. दुपारी चौदा दात्यांची नवी प्लेट बसली, इंजिन सुरू झालं. मग मैदानापर्यंत ट्रक मीच नेला.