इंजिनाखालचा डाग

ठमाबाई,

मी दाढी करून घ्यायला गेलोय, साडेनऊला येतो. प्रदर्शनाला मीही येणार आहे. तोवर तू बनवलेल्या छोट्या विमानाला हात लावू नकोस, डावी बाजू ओली आहे.

होय, मीच रंगवलं. महिनाभर तू विचारत होतीस, "बाबा, तुमचं लढाऊ विमान असंच होतं ना?" आणि मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो होतो. राग होता तो तू इंजिनाखाली रंगवलेल्या तेलाच्या डागाचा. मेकॅनिक म्हणून तीस वर्षं छातीठोक सांगत आलो, की माझ्या विमानातून तेलाचा थेंब गळला नाही. आज सकाळी तो डाग पुसायलाच बसलो. पण पंखावर, मी रोज पाय ठेवायचो नेमक्या त्याच जागी, तू रंग घासून उडवलेला दिसला. मग पुसवेना.

डाग मात्र चुकला होता. तू तो सरळ खाली ओघळवलास. उडताना वारा तेल मागे, शेपटीकडे ढकलतो. तसा ओढून दिलाय. आता परीक्षकांची काय बिशाद!

हो, गळायचं. आईला सांगायला धावू नकोस. माझे कपडे तीच धुवायची, तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे.

बाबा