अर्धी राहिलेली खाट

प्रिय आबा,

आज शाळेच्या ओट्यावरची तुमची खाट पुरी झाली. ही बातमी तुमच्याआधी दुसऱ्या कुणाला सांगू? म्हणून लिहायला बसले.

दप्तराविना शनिवारी पोरांना काही हातकाम शिकवायचं ठरलं, तेव्हा खाट विणायला तुम्हाला मीच बोलावलं. सारंगखेड्याच्या यात्रेतून आणलेले सुतळीचे गुंडे काखेत मारून तुम्ही आलात. पोरांचे हात धरून म्हणायचात, "दोन दाब, दोन उचल. तान वं पोर, येवर जवाई झोपी." यावर जावई झोपणार म्हटल्यावर पोरं खिदळायची, पण सुतळी ताणायची.

आणि मी काय केलं? दोन शनिवार झाल्यावर तुम्हाला बाजूला घेऊन म्हणाले, "आबा, शाळेत अहिराणी नको. आणि जवाई तर मुळीच नको." वर्गात मी तुमची मुलगी नंतर, बाई आधी! तुम्ही एवढंच म्हणालात, "बरं माय, चूप ऱ्हासू."

मग मी फळ्यावर लिहिलं: दोन पदर दाबा, दोन पदर उचला. पोरांनी ते वळणदार अक्षरात वहीत उतरवलं. खाट मात्र झोळीसारखी लोंबली. तुम्ही न बोलता दर शनिवारी यायचात आणि उसवून पुन्हा विणायचात. रागावला का नाहीत हो? एरवी घरात तुमचा आवाज शेजारी ऐकू जायचा.

तुम्ही गेलात आणि खाट अर्धीच राहिली. गावातली जाणती माणसं म्हणाली, गेलेल्या माणसाची अर्धी खाट शाळेत ठेवू नये. सुतळी कापायचं ठरलं. विळा घेऊन मीच गेले.

चौथीतली रोशनी खाटेपाशी बसली होती. हात चालू होता आणि तोंडही. "दोन दाब, दोन उचल. तान वं पोर..." तुमचे ते पहिले दोन शनिवार तिला जसेच्या तसे पाठ होते. माझा फळा कुणालाच आठवत नव्हता. मी विळा कपाटात ठेवला. पुरी झाली की ती अर्धी राहणार नाही, असं जाणत्यांना सांगून तीन शनिवार मागून घेतले.

आज शेवटची गाठ बसली. एका कोपऱ्यात वीण चुकली आहे. तुम्ही उसवली असती, मी राहू दिली. नव्या खाटेवर आधी लेकरू बसवायचं, ही तुमची रीत. म्हणून रोशनीला म्हटलं, "बस." ती मागे सरली.

"मॅडम, आबानी पोर तुम्हीच शेतस ना?"

आबांचं लेकरू मीच, म्हणून मी बसले. खाट करकरली, पण लोंबली नाही. सगळ्या वर्गासमोर रडले, आबा.

पुढच्या शनिवारी दुसरी खाट मांडतोय. फळा कोरा ठेवीन. बोलेन मी, तुमच्याच बोलीत, जवाईसकट.

तुमची पोर,
सुनंदा