तुझ्यासाठी राखलेली खुर्ची

आई,

तुझ्या चार कादंबऱ्यांचा मी एकच सिनेमा केला, म्हणून तू अजून फुगून बसली आहेस. माणसांवर सतत नजर ठेवणारं ते राज्य तुला सुचलं कसं, असं कुणी विचारलं की तू म्हणतेस, "कल्पनाशक्ती!" मी दिग्दर्शक, शेजारी बसून मान डोलावते.

त्यातली पहारेकरीण मात्र मी पुस्तकातून घेतली नाही. माझे फोन घरातल्या दुसऱ्या रिसीव्हरवरून चोरून ऐकताना तू श्वास रोखून धरायचीस. तो श्वास मी नटीकडून आठवडाभर घोटून घेतला. "तुझ्या भल्यासाठीच ऐकते गं," हेही तुझ्याच सुरात.

शूटिंगला आलीस तेव्हा तो प्रसंग बघून माझ्या कानात म्हणालीस, "काय गं ही बया! हिच्या पोटी कोण जन्माला आलं असेल, बिचारं!"

बिचारं तेव्हा तुझ्यासाठी चहा मागवत होतं.

माझ्या खोलीची आतली कडी तू काढून टाकलीस, तो प्रसंगही सिनेमात आहे; तू तो अजून पाहिलेला नाहीस. शनिवारी मोजक्या लोकांना सिनेमा दाखवणार आहोत. अशा वेळी पडद्याखाली छोटा कॅमेरा लावतात. कोण कुठे हसतं, कोण कुठे चुळबुळतं, सगळं अंधारातही दिसतं. तुझी खुर्ची बरोबर त्याच्यासमोर राखली आहे. शेजारच्या खोलीत बसून मी फक्त तुझा चेहरा बघणार.

म्हणून हे पत्र टाकत नाही. आधी कळलं तर तू चेहरा सावरशील.

तुझ्या भल्यासाठीच,
तुझी मुलगी