खिळ्यावरचा फोटो मी नेलाय

मामा,

भिंतीवरचा खिळा मोकळा बघून आत्याबाई घाबरतील, त्यांना आधी सांगा. ह्यांचा फोटो मी आळेफाट्याला स्कॅन करायला नेलाय.

ह्यांच्या जागी नोकरीसाठी भरलेला माझा फॉर्म परत आला. मी मोबाईलवर फ्रेमचाच फोटो काढून, त्याची जेपीजी करून पाठवली होती. त्यात हार आणि काचेवरचा टिळाही आला. ऑफिसातले भाऊ फोनवर म्हणाले, "ताई, हाराचा नाय चालत. जिवंतपणीचा द्या." मी बरं म्हणाले. तसा समोरून काढलेला दुसरा आपल्याकडं नाहीच. आज पाचला साईट बंद होते, त्यामुळं तुम्ही रानातून यायची वाट बघितली नाही.

प्रांजल सुंदराकाकूंकडं झोपलीय. उठली की पेज पाजा, ताक नको, खोकला आहे.

फ्रेम कोठीवर ठेवलीय. काच पुसलेली नाही, आत्याबाईंनी सकाळी लावलेला टिळा तसाच आहे. मी आतला कागद तेवढा काढलाय.

आल्यावर फोटो लगेच फ्रेममध्ये घालू नका. आत्याबाईंना एकदा बिनकाचेचा हातात घेऊ द्या.

प्रतिभा