ब्रेकच्या पाइपाचं माप

४ नोव्हेंबर

ह्यांची मोटरसायकल विकायची नाही! ठरलं. नणंदेचा पुन्हा फोन — गिऱ्हाईक आहे, देऊन टाका, तो काही आता चालवत नाही. अपघातात ह्यांचा उजवा खांदा मोडला त्याला सात महिने झाले. तेव्हापासून हे घराबाहेर पाऊल टाकत नाहीत. खुर्ची, खिडकी आणि माझ्या शिलाई मशीनच्या आवाजावर चिडचिड. डॉक्टर म्हणतात, पुढे वाकून हात ताणायचा नाही. मग हँडल उंच करू की! सरळ बसून चालवतील. साधी गोष्ट आहे.

५ नोव्हेंबर

साधी कसली! हँडल उंच केलं की ब्रेकचा पाइप पुरत नाही. शोरूमवाला म्हणतो, अख्खा सेट बाहेरून मागवावा लागेल. आकडा ऐकून मी अशी मान हलवली, जणू पैसे पर्समध्येच आहेत. आणि सटकले.

८ नोव्हेंबर

पत्ता लागला! बाजारामागच्या गल्लीत एक जण माती उकरायच्या मशिनांचे पाइप बनवतो. ब्रेकचा जाळीदार पाइपही त्याच्याकडे रोलवर असतो. हवा तेवढा कापायचा, दोन्ही टोकांना तोंडं दाबून बसवायची, आपल्यासमोर दाब देऊन तपासायचा. शोरूमच्या पाव किमतीत. "माप तेवढं बरोबर आणा, ताई. कापला की कापला." मला माप शिकवतो! वीस वर्षं लोकांचे कपडे बेततेय मी.

१० नोव्हेंबर

नवं हँडल बसलं. हे आढेवेढे घेत खाली आले, गाडीवर बसले. पाठ सरळ, खांदा सैल. उतरायची घाई केली नाही. तसंच बसवून मी टेप लावली. अंगावर घेतलेलं माप कधी चुकत नाही.

नंतर मीही जरा बसून पाहिलं. लग्नानंतर ह्यांनी मला ह्याच गाडीवर शिकवलं होतं. मग शिवणकाम वाढलं आणि चालवायचं राहूनच गेलं.

१२ नोव्हेंबर

चुकलं! पाइप लावला, गाडी मधल्या स्टँडवर घेतली, पुढचं चाक उचललं — पाइप ताणून ताठ, आखूड पडला! ह्यांच्या वजनाने पुढचे शॉक खाली बसले होते, आणि मी त्या दबलेल्या गाडीचं माप घेतलं. हे पोट धरून हसले. "गाडीला काय झबलं शिवतेस?" मला राग यायला हवा होता. पण सात महिन्यांत हे पहिल्यांदा हसले, मग मीही हसले.

पाइपवाला म्हणाला, चाक लटकतं ठेवून मापा, वर दोन बोटं ढील द्या. दुसरा कापून दिला. पहिला कुठल्या तरी लहान गाडीला लागेल म्हणून ठेवून घेतला. भला माणूस.

१३ नोव्हेंबर

नवा पाइप, तांब्याचे नवे वायसर, नवं तेल. पाइपातली हवा काढायला दोन माणसं लागतात. हे वर उजव्या हाताने ब्रेकच्या लिव्हरवर, मी खाली पाना घेऊन. दाबा — धरा — सोडा. तासभर चाललं. इतका वेळ आम्ही दोघं एका कामाला कधी बसलो होतो, आठवत नाही.

उतारावर मी ढकलून पाहिली तर ह्यांनी ब्रेक दाबूनही गाडी घसरते. हे म्हणाले, हवा राहिली असेल, म्हणून ब्रेक धरत नाही.

१४ नोव्हेंबर

पुन्हा हवा काढली. एकही बुडबुडा आला नाही. गाडी थांबत नाही.

१५ नोव्हेंबर

हे आंघोळीला गेल्यावर एकटीच खाली गेले. गाडी ढकलली, लिव्हर दाबली. चाक जागच्या जागी गच्च. पुन्हा दाबली. गच्च.

पाइपात हवा नाहीच. ह्यांच्या हातात जोर राहिला नाही.

जिन्यात बसून रडले. वर येऊन सांगितलं, पाना सापडत नाही, उद्या बघू.

१६ नोव्हेंबर

सकाळी हे बूट घालून दारात उभे. म्हणाले, "हवा नव्हतीच गं. मला परवाच कळलं होतं." मला वाटलं, आता विकू म्हणतील. तर किल्ली माझ्या हातात दिली. "तू चालव. मी मागे बसतो."

बाजारापर्यंत गेलो आणि आलो. उतरताना म्हणाले, उद्या जरा लांब जाऊ.