माद्यांच्या खोक्यातले नर

आई, आज गुरुवार, कंपनीला सुट्टी. मुलगी शेजारी खेळायला गेली आहे, सासूबाई जेवून आडव्या झाल्या आहेत, आणि मी ओट्यापाशी स्टूल ओढून तुला लिहायला बसले आहे. तुला वाचायला फारसं येत नव्हतं, आणि तू जाऊनही पुष्कळ वर्षं झाली, तेव्हा हे कोण वाचणार हा प्रश्न नकोच. पण काल या ओट्यापाशी जे झालं ते दुसऱ्या कोणाला सांगावंसं वाटेना.

आधी माझं काम ऐक, तुला हसू येईल. चाकणला आमच्या कंपनीत एक यंत्र तयार होतं. कोंबडीची अंडी उबवायला ठेवली की थोड्याच दिवसांत हे यंत्र बारीक सुईने प्रत्येक अंड्यातला थेंबभर द्रव घेतं आणि आत नर आहे की मादी ते सांगतं. मादीचं अंडं परत उबेला जातं, नराचं बाजूला काढून भरडतात. परदेशात काही ठिकाणी जन्मलेली नर पिल्लं मारायला बंदी आली, म्हणून तिकडून मागणी आहे. यंत्र बरोबर सांगतंय ना, हे मी तपासते. आमचे साहेब पाहुण्यांना कौतुकाने सांगतात की हे दयेचं यंत्र आहे, आणि मी शेजारी उभी राहून मान डोलावते. खोटं नाहीच ते. तू हाताने करायचीस ते काम आता पिल्लू व्हायच्या आधीच उरकतं.

तुझं काम मला अजून दिसतं. शाळेला सुट्टी असली की आकुर्डीच्या कोपऱ्यावरून, अंडी उबवून पिल्लं विकणाऱ्या हॅचरीच्या टेम्पोत तू मलाही चढवायचीस. आत कोंदट ऊब, ओल्या पिसांचा आणि फुटक्या अंड्यांचा वास. तू टेबलाशी उभी आहेस. एका हातात पिल्लू, दुसऱ्या हाताच्या बोटाने त्याचा पंख उलगडतेस. पिसांची एक ओळ लांब, एक आखूड असली की मादी, ती पुढच्या खोक्यात. दोन्ही ओळी सारख्या असल्या की नर, तो मागच्या पिंपात. या जातीचा नर अंडी देत नाही आणि अंगानेही भरत नाही, म्हणून तो कोणाला नको. पिंपातून बराच वेळ आवाज येत राहायचा. एकदा मी वाकून बघायला गेले तर तू हात न थांबवता खेकसलीस, "तिकडं बघायचं न्हाई. हितं बघ, माझ्या हाताकडं." मला फार राग आला होता तुझा. घरी जाताना तू मला गाडीवरची भेळ घेऊन दिलीस, स्वतः मात्र खाल्ली नाहीस.

मग तो मे महिना. तुला पुन्हा दिवस गेले होते आणि आजी गावाहून आली होती. ती तुला लांबच्या कुठल्याशा दवाखान्यात घेऊन गेली, आणि परत आल्यावर दारातच बाबांना म्हणाली, "परत पोरगीच हाय." बाबा चपला घालून बाहेर निघून गेले. तुला कोणी काही विचारल्याचं मला आठवत नाही. आजी तुला पुन्हा घेऊन गेली, आणि या वेळी तू परतलीस ती त्या उकाड्यात कानाला रुमाल बांधून, बाळंतिणीसारखी, आणि कुशीत काही नाही. बाळ कुठंय म्हणून मी विचारलं तर तू माझ्यापुढे ताट सरकवलंस. सगळं मला नंतर मावशीने सांगितलं. आठवडाही झाला नसेल, तू परत टेबलाशी.

दिवाळीच्या सुट्टीत मी तुझ्याबरोबर हॅचरीत होते तेव्हा एक पोल्ट्रीवाला तणतणत आला. माद्या म्हणून नेलेली पिल्लं मोठी झाली होती आणि शेडमध्ये कोंबडे आरवत होते. खोक्यावर निवडणारीचा नंबर असतो. नंबर तुझा, आणि खोकी त्या मे महिन्यातल्या एकाच दिवसाची. सुपरवायझर सगळ्यांसमोर ओरडला, "बाई, अख्ख्या दिवसाचे नर माद्यांत घातलेत! डोळे कुठं होते तुमचे?" तू पदराला हात पुसलेस. "त्या दिशी मला समद्या पोरीच दिसल्या, सायेब." तुला काढून टाकलं, आणि मग तू निगडीच्या बंगल्यांत धुणीभांडी धरलीस.

तू चुकलीस, मुद्दाम केलंस, की खरंच तसं दिसलं, हे मी तुला कधी विचारलं नाही. ते कोंबडे पुढे कापलेच असतील, पण त्याआधी आरवले तरी. आमचं यंत्रही चुकतं कधीकधी, मग मी सुई बदलते आणि ते ठीक चालायला लागतं. तुझा तो दिवस त्याच्या वाट्याला कधी येणार नाही.

मला पुन्हा दिवस गेले आहेत, आई. काल सासूबाई मेथी निवडता निवडता हसत म्हणाल्या, "तुमच्या मशिनीला अंड्यातलं कळतंय, मंग माणसाचं न्हाई व्हय कळत?" मीही हसले. मग त्यांनी आवाज खाली आणला. "एक जण हाय वळखीचा, गुपचूप बघून देतो. पयली पोरगी हाय, म्हणून म्हणते." नवरा दारात फोन बघत उभा होता. मान वर न करता म्हणाला, "अगं, नुसतं बघायला काय जातंय?" मी म्हणाले, "बघायचं नाही. मला तिथं नेलंत तर तिथूनच पोलिसांना फोन करीन." सासूबाई परत मेथी निवडायला लागल्या. सगळे जेवलो, भाजी चांगली झाली होती.

माझं नाव घातलंय त्या दवाखान्यात भिंतीवर पाटी आहे, येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही. दर वेळी मी ती वाचते. आजी तुला घेऊन गेली तिथंही अशी पाटी असेलच.

आता मुलगी येईल, हे आवरायला हवं. एक सांगायचं राहिलं. एवढं ठणकावून बोलले खरी, पण तेव्हापासून मनात एकच चाललंय, मुलगाच होऊ दे. मुलाची हौस म्हणून नाही. मुलगी झाली तर याच घरात तिच्यासाठी मला रोज असं उभं राहावं लागेल, आणि तेवढा दम माझ्यात आहे की नाही, मला माहीत नाही. या एका वाक्यासाठी, पाठवता आलं असतं तरी हे पत्र मी तुला पाठवलं नसतं.