जागा न अडवणारी भेट

४ डिसेंबर
यंदा नाताळला गावी फालतू वस्तू न्यायची नाही. ठरलं म्हणजे ठरलं. सासूबाईंच्या झोपडीत ब्लँकेटांचा डोंगर. गेल्या वर्षी दिलेल्या टोपलीत कोंबडी अंड्यांवर बसलीय. या खेपेला उपयोगाचं आणि जागा न अडवणारं काहीतरी हवं.

९ डिसेंबर
सापडलं! टोमॅटो विकत बसले होते, शहरातल्या बाजारात एजंट आला. मयताची पॉलिसी. शवपेटी, मंडप, रडायला येणाऱ्यांना बस, सगळं त्यात. घरात ठेवायचा फक्त एक कागद. सासूबाईंच्या नावानं लगेच सही ठोकली. चेंजेराईला बोलले नाही. नवऱ्याला आधी सांगितलं की चांगली कल्पना नासते.

२५ डिसेंबर, गावी, गुटू
जेवताना सगळ्यांदेखत जाहीर केलं. सासूबाई म्हणाल्या, "बस कुठल्या तारखेची सांगितलीस, सूनबाई?" म्हटलं, घाई नाही, मार्चपर्यंत दम धरा. त्याआधी गेलात तर कंपनी दमडी देत नाही. नणंद सोफिना हातातलं हाड टाकून उठली. तिला कधी कशाचं कौतुक नाहीच.

२६ डिसेंबर
गुडघे टेकून सासूबाईंपुढे मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला साद्झा ठेवला. त्यांनी तो खाल्ला नाहीच, हात धुवायचं पाणीसुद्धा माझ्याकडून घेतलं नाही. काल कोंबडी जास्त झाली असेल.

२७ डिसेंबर
आजही नाही. सोफिनानं आईसाठी वेगळी चूल मांडली. मला म्हणते, "वहिनी, तुझं रांधलेलं आधी तूच खा. आम्ही बघतो." खाल्लं. सगळं अंगण बघत होतं. प्रत्येक घासावर पाणी प्यायले. मीठ कमी पडलं होतं, दुसरं काही नाही.

२९ डिसेंबर
सासूबाईंना ताप. विहिरीवर गेले तर शेजारणीनं आपलं लेकरू मागे ओढलं. बाकीच्या बायका अर्ध्या घागरी उचलून निघाल्या. चेंजेराई म्हणाला, "आईला काही झालं तर तुला इथे चेटकीण ठरवतील. मला आवरता येणार नाही." म्हटलं, मग मार्चच्या आत काही होऊ देऊ नका. तो चटई उचलून भावाकडे झोपायला गेला. डिसेंबर म्हणजे इथला उन्हाळा, आमच्या खोलीत उकडतं.

३१ डिसेंबर
माझं चुकलेलं काही नाही. तरी उद्या माफी मागेन, मोठं मन म्हणून. पेज करेन, त्यांच्यासमोर आधी मी पिईन. त्या पितीलच. एकदा प्यायल्या की गावाचं तोंड बंद.

१ जानेवारी
ताप उतरला! मला पेज घेऊन बोलावलं. काठी टेकत, माझं मनगट घट्ट धरून टेकाडामागे सासऱ्यांच्या थडग्यापाशी नेलं. त्याच्या बाजूची जागा सासूबाईंची, हे ठाऊक होतं. तिच्या पलीकडचं गवत नुकतंच उपटलेलं, चारी कोपऱ्यांना दगड. म्हणाल्या, "ही तुझी. मीच साफ करून घेतली. जन्मभर माझ्यापासून लांब शहरात राहिलीस, आता शेजारी ये." मग तिथेच बसून माझ्या हातची पेज प्यायल्या. वाडगा बोटानं पुसून.
माझा वाडगा भरलेलाच राहिला.
जागा वाईट नाही. दुपारची सावली असते. सोफिना मागे उभी होती. म्हणाली, "वहिनी, मोठ्यांनी दिलेलं असं बघत नसतात."
रीतीप्रमाणे गुडघे टेकले, आभाराच्या टाळ्या वाजवल्या आणि जागा घेतली.